'साम्यवाद' या संज्ञेचा अर्थनिर्णय : मराठी वैचारिक वाङ्मयाच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

साम्यवादाचे मंडन अथवा खंडन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. 'साम्यवाद' म्हणजे काय, या प्रश्नाची जी परस्परविरोधी उत्तरे दिली गेली, त्यांची मांडणी करणे आणि त्या मतभेदांचा मराठी वैचारिक व ललित वाङ्मयाच्या आकलनाशी कोणता संबंध पोहोचतो हे पाहणे, एवढीच येथील मर्यादा आहे. विषय वरवर राज्यशास्त्राचा वाटला तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे, गोदावरी परुळेकर यांच्या लेखनाविषयी बोलताना 'साम्यवादी' हे विशेषण आपण सहज वापरतो. कोणी ते गौरवाने वापरतो, कोणी उणेपणा दाखवण्यासाठी. परंतु या विशेषणाने लेखकाची एखाद्या पक्षाशी असलेली बांधिलकी सुचवायची आहे, की एखाद्या राज्यव्यवस्थेविषयीची त्याची भक्ती, की खाजगी मालकी नसलेल्या समाजाचे स्वप्न, याचा खुलासा क्वचितच केला जातो. खुलाशाविना केलेला असा निर्णय कलाकृतीविषयी फारसे काही सांगत नाही. तो निर्णय देणाऱ्याच्या पूर्वग्रहाविषयी मात्र पुष्कळ सांगतो.

डब्ल्यू. बी. गॅली या तत्त्वचिंतकाने १९५६ साली 'मूलतः विवाद्य संकल्पना' असा एक वर्ग कल्पिला. कला, लोकशाही, सामाजिक न्याय अशा काही संकल्पनांच्या योग्य वापराविषयीचे वाद हे केवळ अज्ञानातून अथवा गैरसमजातून उद्भवत नाहीत. ते त्या संकल्पनांच्या स्वरूपातच असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. साम्यवाद ही संकल्पना याच वर्गात घालता येईल. मात्र एवढे म्हणून थांबणे धोक्याचे आहे. संकल्पना विवाद्य आहे म्हणून सर्व व्याख्या सारख्याच योग्यतेच्या ठरत नाहीत. कोणती व्याख्या कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे आली, हे पाहिल्याशिवाय तिची योग्यता ठरवता येत नाही.

२. शब्दाची घडण

मराठीत या विचाराला दोन नावे आहेत आणि दोन्ही आजही नांदत आहेत. वैचारिक लेखनात 'साम्यवाद', तर व्यवहारात 'कम्युनिझम' व 'कम्युनिस्ट'. पक्षांची नावेही 'भारतीय कम्युनिस्ट पक्ष', 'मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष' अशीच रूढ आहेत. संस्कृतोत्पन्न पर्याय हाताशी असताना चळवळीने परका शब्द टिकवून धरला, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देता येत नाही. या दोन शब्दांचे अर्थवलय एक नाही.

मूळ युरोपीय संज्ञा लॅटिनमधील 'कम्युनिस' या विशेषणापासून आलेली आहे. त्याचा अर्थ 'सर्वांचे मिळून असलेले' असा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत फ्रान्समध्ये ती राजकीय अर्थाने प्रचारात आली. मराठीत या अर्थाला नेमका शब्द आहे, तो 'सामाईक'. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक जमीन असे आपण म्हणतो तेव्हा भागीदार परस्परांशी समान आहेत असे आपणांस म्हणावयाचे नसते. वस्तू एकट्याची नाही, एवढेच म्हणावयाचे असते. 'साम्य' या शब्दाचा रोख मात्र वेगळा आहे. त्याच्या मुळाशी 'सम' आहे. सारखेपणा, समानता, भेदाचा अभाव हा त्याचा अर्थ. भारतीय भाषांत या शब्दाला समतेच्या विचाराचा इतिहासही आहे. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचा 'साम्य' हा बंगाली निबंधसंग्रह १८७९ सालचा. त्याचा विषय सामाजिक विषमता हा आहे.

तात्पर्य, मूळ संज्ञा मालकीविषयी बोलते, तर आपला पर्याय माणसामाणसांतील तुलनेविषयी बोलतो. भाषांतराच्या एका निवडीने येथे अर्धी व्याख्या आधीच करून टाकली आहे. त्यामुळे मराठीतील पुष्कळशी चर्चा उत्पादनसाधने कोणाच्या ताब्यात असावीत या प्रश्नावरून सरकून, सर्व माणसे सारखी होतील काय, हुशार व आळशी यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य आहे काय, अशा प्रश्नांकडे वळली. वस्तुतः हा आक्षेप मार्क्सने स्वतःच विचारात घेतलेला होता. १८७५ साली जर्मन कामगार पक्षाच्या गोथा येथील कार्यक्रमावर लिहिलेल्या टिपणात त्याने समान हक्काच्या घोषणेची चिकित्सा केली. माणसे शक्तीने, कुटुंबाच्या भाराने, गरजांनी असमान असतात. त्यांना एकच माप लावले की समान हक्कातून असमानताच निष्पन्न होते, हा त्याचा युक्तिवाद. पुढच्या टप्प्यावरील समाजात वाटपाचा निकष समानता हा न राहता गरज हा राहील, असे तो म्हणतो. 'साम्यवाद' या शब्दावरून मार्क्सचे मत काढू पाहणाऱ्या वाचकाला हा युक्तिवाद अनपेक्षित वाटावा, यातच शब्दाचा दोष उघड होतो.

याचा अर्थ 'साम्यवाद' हा शब्द टाकून द्यावा असा नव्हे. जातिभेदाने पोखरलेल्या समाजात 'साम्य' या शब्दाला जी धार आहे ती 'सामाईक' या शब्दाला येणार नाही. येथे विषमतेचा पहिला अनुभव मालकीतून नव्हे, तर जन्मातून येतो. शब्द निवडणाऱ्यांनी कळत-नकळत या अनुभवाला प्रतिसाद दिला असणे शक्य आहे. मात्र अनुवादाने काय मिळवले आणि काय गमावले, याचा हिशेब अभ्यासकाने ठेवला पाहिजे.

३. परंपरेच्या आतील मतभेद

व्याख्येविषयीचे वाद समर्थक आणि विरोधक यांच्यातच आहेत, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. सर्वांत तीव्र मतभेद परंपरेच्या आतच झालेले आहेत.

१८४५-४६ च्या सुमारास मार्क्स व एंगल्स यांनी लिहिलेल्या आणि १९३२ साली समग्र प्रसिद्ध झालेल्या 'जर्मन विचारप्रणाली' या हस्तलिखितात साम्यवाद हा वास्तवाने जुळवून घ्यावा असा आदर्श नसून प्रचलित स्थिती नाहीशी करणारी प्रत्यक्ष चळवळ आहे, असा अर्थ सांगितलेला आहे. उलट १८७५ च्या उपरोक्त टिपणात साम्यवादी समाजाच्या खालच्या व वरच्या टप्प्यांचे वर्णन येते, म्हणजे तेथे साम्यवाद ही एक भावी समाजस्थिती ठरते. चळवळ आणि स्थिती हे दोन अर्थ असे आरंभापासूनच शेजारी शेजारी उभे आहेत.

'समाजवाद' या संज्ञेशी असलेला संबंधही असाच बदलत गेला. १८४८ च्या जाहीरनाम्याला 'समाजवादी' हे नाव का दिले नाही, याचे कारण एंगल्सने १८८८ च्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत दिले आहे : त्या काळी समाजवाद ही मध्यमवर्गीयांची आणि साम्यवाद ही कामगारांची चळवळ होती. म्हणजे दोहोंतील भेद वर्गाचा होता, टप्प्याचा नव्हता. लेनिनने १९१७ मध्ये 'राज्यसंस्था आणि क्रांती' या ग्रंथात मार्क्सच्या पहिल्या टप्प्याला 'समाजवाद' हे नाव प्रचलित आहे असे सांगून, भेद टप्प्यांचा असल्याचे रूढ केले. १९१८ च्या मार्च महिन्यात बोल्शेविक पक्षाने 'कम्युनिस्ट' हे नाव धारण केले, तेव्हा भेदाला पक्षाचे तिसरे परिमाण प्राप्त झाले.

यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. ज्यांना जग 'साम्यवादी देश' म्हणून ओळखत होते, त्या सोव्हिएत संघाने स्वतःच्या समाजाला साम्यवादी असे कधीच म्हटले नाही. १९३६ चे संविधान समाजवाद प्रस्थापित झाल्याचे सांगते. १९६१ च्या पक्षकार्यक्रमाने वीस वर्षांत साम्यवादाचा पाया पूर्ण करण्याचे अभिवचन दिले. ती मुदत संपण्याआधीच, ब्रेझनेव्हच्या काळात, 'विकसित समाजवाद' ही मधली पायरी शोधण्यात आली. १९९१ मध्ये संघराज्य विसर्जित झाले तेव्हा साम्यवाद त्याच्या अधिकृत भाषेत भविष्यकाळातच होता. चिनी पक्षाने १९८७ च्या तेराव्या अधिवेशनात आपला देश 'समाजवादाच्या प्राथमिक टप्प्यात' असल्याचा सिद्धांत मांडला. क्यूबाच्या २०१८ मधील संविधान-मसुद्यातून साम्यवादाचे ध्येय वगळण्यात आले होते. सार्वजनिक चर्चेनंतर २०१९ च्या अंतिम संविधानात ते पुन्हा घालण्यात आले. एका शब्दासाठी सबंध देशात चर्चा व्हावी, यावरून हा वाद केवळ पंडितांचा नाही हे ध्यानात येते.

सोव्हिएत व्यवस्थेला काय म्हणावे याविषयी मार्क्सवाद्यांतही एकवाक्यता नव्हती. ट्रॉट्स्कीने १९३६ च्या 'विश्वासघात झालेली क्रांती' या ग्रंथात तिला ऱ्हास पावलेले कामगारराज्य ठरवले. टोनी क्लिफने १९४८ मध्ये तिला राज्य-भांडवलशाही म्हटले. युगोस्लाव्हियाच्या सत्तेत वरच्या स्थानी राहिलेले मिलोव्हान जिलास यांनी १९५७ मध्ये पक्षाधिकाऱ्यांचाच एक 'नवा वर्ग' निर्माण झाला असल्याचे लिहिले. प्रत्येक नाव ही एक व्याख्या आहे आणि प्रत्येक व्याख्येने उत्तरदायित्वाची वाटणी वेगळी केली आहे.

४. आदिम साम्यवाद : डांगे आणि कोसंबी

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक प्रकरण १९४९ सालचे आहे. लुइस मॉर्गनच्या १८७७ च्या ग्रंथावरून एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंब, खाजगी मालमत्ता व राज्यसंस्था यांच्या उगमाची मीमांसा केली आणि वर्गपूर्व समाजाला साम्यवादी रूप दिले. साम्यवाद येथे भविष्यातून भूतकाळात गेला. श्रीपाद अमृत डांगे यांनी हीच चौकट प्राचीन भारताला लावून, आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या प्रवासाविषयी इंग्रजी ग्रंथ लिहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या विवाहसंस्थेवरील लेखनाचा त्यामागे मोठा आधार होता. वैदिक यज्ञ ही आर्यांच्या साम्यसंघाची सामूहिक उत्पादनपद्धती आणि 'ब्रह्म' म्हणजे तो संघच, असा डांगे यांचा अन्वयार्थ आहे.

या ग्रंथावर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याच वर्षी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वार्षिकात परखड परीक्षण लिहिले. कोसंबी स्वतः मार्क्सवादी पद्धतीचा अंगीकार करणारे होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची. त्यांचा आक्षेप मार्क्सवर नव्हता. सिद्धांत हाताशी आहे म्हणून साधनांची छाननी, भाषाशास्त्राची शिस्त आणि पुरातत्त्वाचा पुरावा यांतून सुटका होत नाही, ही त्यांची भूमिका होती. बाहेरून तयार आलेल्या टप्प्यांची नावे भारतीय सामग्रीवर चिकटवली की इतिहास समजला असे होत नाही.

हा वाद व्याख्येच्या दृष्टीने पाहिला तर असे दिसते की, डांगे यांच्यासाठी साम्यवाद ही सर्व मानवसमाजांना लागू पडणारी इतिहासाची एक अवस्था आहे. म्हणून ती भारतातही असलीच पाहिजे, आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच. कोसंबींसाठी मार्क्सवाद ही शोधाची रीत आहे. तिच्यातून काय हाती लागेल हे आधी सांगता येत नाही. दोघेही एकाच परंपरेचे नाव घेतात. परंतु एकाची व्याख्या उत्तराला अनुसरून आहे, तर दुसऱ्याची प्रश्नाला. डांगे यांच्या प्रयत्नामागे परका मानला गेलेला विचार आपल्या मातीतला आहे हे दाखवण्याची ओढ होती आणि ती ओढ समजून घेण्यासारखी आहे. तथापि, या ओढीची किंमत पुराव्याने चुकवावी लागली, हे कोसंबींचे म्हणणेही तितकेच खरे आहे.

५. साध्य, साधन आणि जात

महाराष्ट्राशी संबंधित दुसरा व्याख्याविवाद साध्य-साधनांचा आहे. हिंसा वजा केलेला साम्यवाद म्हणजे गांधीवाद, असे एक सुटसुटीत समीकरण स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रचारात होते. किशोरलाल मश्रूवाला यांनी गांधी व मार्क्स यांच्यावरील पुस्तकात त्याची चिकित्सा केली आणि विनोबा भावे यांनी त्या पुस्तकाला प्रास्ताविक लिहिले. मश्रूवालांचा आक्षेप मार्मिक आहे. दोन विचारांचे जीवनविषयक अधिष्ठानच भिन्न असेल तर एकातून एखादी वस्तू वजा करून दुसरा मिळत नाही. साधन ही व्याख्येबाहेरची, काढता-घालता येणारी गोष्ट आहे असे हे समीकरण गृहीत धरते, आणि तेथेच ते चुकते. विनोबांनी पुढे आपल्या विचाराला 'साम्ययोग' हे नाव दिले. 'साम्य' ठेवून 'वाद' काढणे हा निव्वळ शब्दविलास नव्हता. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायाशी नाते जोडणारा हा शब्द समतेचा उगम वर्गसंघर्षात न शोधता चित्ताच्या अवस्थेत शोधतो. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्याच्या भूमीत, पोचमपल्ली येथे, १९५१ च्या एप्रिलमध्ये भूदानाचा आरंभ झाला. तेव्हा साम्यवाद आणि साम्ययोग या दोन शब्दांतील अंतर जमिनीच्या प्रश्नावर प्रत्यक्ष समोरासमोर आले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची मांडणी याहून वेगळी आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा त्यांचा इंग्रजी निबंध त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथील भाषणातही त्यांनी हाच विषय घेतला होता. मार्क्सच्या सिद्धांतांपैकी काळाच्या कसोटीवर काय टिकले आणि काय कोसळले याची ते प्रथम यादी करतात. खाजगी मालमत्ता हे दुःखाचे मूळ आहे हा अंश ते उरलेला मानतात आणि भिक्षुसंघाच्या नियमांत मालमत्तेचा त्याग अधिक कडकपणे पाळला जात होता, असे दाखवतात. मतभेद साधनांविषयी आहे : हिंसा व हुकूमशाही यांशिवाय ती स्थिती आणता आणि टिकवता येते, हा त्यांचा दावा आहे. आंबेडकरांनी येथे व्याख्येचे दोन भाग शस्त्रक्रियेप्रमाणे वेगळे केले आहेत. मश्रूवाला म्हणतात साधन वेगळे काढता येत नाही. आंबेडकर म्हणतात ते काढलेच पाहिजे, पण त्या जागी धम्म आणावा लागतो, ती जागा रिकामी ठेवता येत नाही. दोघांची दिशा भिन्न असली तरी वजाबाकीचे सोपे समीकरण दोघांनाही मान्य नाही.

जातीच्या प्रश्नाने व्याख्येपुढे आणखी एक आव्हान उभे केले. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून 'सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष' स्थापन केला आणि 'मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद' अशी आपल्या तत्त्वज्ञानाची संज्ञा सिद्ध केली. केवळ वर्ग या कोटीवर उभारलेली साम्यवादाची व्याख्या जातिसमाजात अपुरी पडते, जातिअंताशिवाय वर्गांत शक्य नाही, असा या नामकरणाचा आशय आहे. जोतीराव फुले यांच्या परंपरेतील 'सत्यशोधक' हे विशेषण आणि 'कम्युनिस्ट' हे परके नाम एकत्र येतात, तेव्हा दुसऱ्या परिच्छेदात नोंदवलेली 'साम्य' आणि 'सामाईक' यांतील फट बुजवण्याचा तो प्रयत्न ठरतो.

६. ललित वाङ्मयातील व्याख्या

ग्रंथांतील या व्याख्यांपेक्षा वेगळी अशी एक व्याख्या लोकांनी केली. मराठी मुलखात कम्युनिस्टांचे लौकिक नाव 'लाल बावटा' हे आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या कलापथकाचे नावही तेच होते. या नावात सिद्धांत नाही. संपाच्या आणि मोर्चाच्या वेळी बाजूला कोण उभे राहते याची खूण आहे. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ नंतरच्या लढ्याची हकीकत आहे. तेथे साम्यवादाचा अर्थ वेठबिगारीला नकार देणे, माराची भीती जाणे, आपण माणूस आहोत हे कळणे असा उलगडत जातो. 'जर्मन विचारप्रणाली'तील प्रत्यक्ष चळवळ हा अर्थ येथे, त्या ग्रंथाचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या कृतीतून साकार होतो.

अण्णा भाऊंच्या 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकात मात्र साम्यवाद हा एक देश आहे. गिरणगावातील कामगाराने मनात जपलेले आणि अखेर डोळ्यांनी पाहिलेले ठिकाण. नारायण सुर्वे यांच्या मार्क्सविषयक प्रसिद्ध कवितेत तो एका संपाच्या प्रसंगी, वडीलधाऱ्याच्या जवळिकीने भेटतो; त्यांच्या १९७५ मधील संग्रहाचे 'जाहीरनामा' हे नाव १८४८ ची आठवण करून देते. देश, चळवळ, आप्त अशा तीन निराळ्या रूपांना एकाच 'साम्यवादी वाङ्मय' या शीर्षकाखाली ठेवले की त्यांतील भेद पुसले जातात. सोव्हिएत व्यवस्थेविषयी पुढे जे उघड झाले त्याने प्रवासवर्णनातील श्रद्धेची पुनर्तपासणी करणे आवश्यक ठरते. वारल्यांच्या लढ्याचे वर्णन त्या पुराव्याने खोटे ठरत नाही.

७. व्याख्यांतराचा दोष

आतापर्यंतच्या विवेचनातून साम्यवादाचे चार अर्थ हाती येतात : ध्येय असलेली समाजस्थिती, चालू असलेली चळवळ, सत्तारूढ पक्षाची राज्यव्यवस्था आणि इतिहासातील एक अवस्था. यांपैकी एकच खरा आणि बाकीचे चुकीचे असा निवाडा करणे शक्य नाही. प्रत्येकाला ग्रंथांचा अथवा वापराचा आधार आहे. दोष निर्माण होतो तो युक्तिवादाच्या मध्यावर एका अर्थावरून दुसऱ्यावर उडी मारण्याने. या दोषाला 'व्याख्यांतर' म्हणता येईल.

समर्थकाला १९३२-३३ चा युक्रेनमधील दुष्काळ, १९३७-३८ चे शिरकाण किंवा १९५९ ते १९६१ या वर्षांतील चीनमधील भूकबळी यांविषयी विचारले की तो राज्यव्यवस्थेवरून ध्येयाकडे जातो आणि तो खरा साम्यवाद नव्हताच असे म्हणतो. मात्र निरक्षरतानिर्मूलनाचा किंवा औद्योगिक प्रगतीचा विषय निघाला की तीच व्यवस्था त्याला साम्यवादाची सिद्धी वाटते. विरोधकाची वाट उलटी आहे. वेठबिगारी मोडणाऱ्या चळवळीचे श्रेय तो साम्यवादाला देत नाही, ते माणुसकीला देतो. पण दूरच्या तुरुंगछावण्यांचा जाब मात्र त्याच चळवळीतील कार्यकर्त्याला विचारतो. व्याख्या दोघांनीही आपल्या सोयीने पातळ अथवा दाट केलेली असते. याच सोयीचा राजकीय वापर मीरत कटाच्या खटल्यात (१९२९-३३) दिसतो. कामगार संघटना बांधणे आणि सम्राटाचे सार्वभौमत्व हिरावण्याचा कट करणे या दोन गोष्टी फिर्यादी पक्षाने एकाच संज्ञेत बसवल्या. व्याख्येवर तेथे माणसांच्या आयुष्याची वर्षे पणाला लागली होती.

८. निष्कर्ष

वाङ्मयाच्या अभ्यासकाने यातून एक साधी शिस्त घ्यावी. 'साम्यवादी' हे विशेषण वापरताना त्याचा अर्थ प्रथम सांगावा, त्या अर्थाला अनुरूप असाच पुरावा घ्यावा आणि लेखाच्या अखेरपर्यंत तो अर्थ पाळावा. ध्येयाची परीक्षा विचाराने, चळवळीची तिच्यातील माणसांच्या अनुभवाने, राज्यव्यवस्थेची तिच्या कारभाराने आणि ऐतिहासिक अवस्थेची साधनांनी करावयाची असते. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे टीका नव्हे.

ज्या भाषेत 'साम्य' आणि 'सामाईक' हे दोन्ही शब्द आहेत, त्या भाषेतील विचारवंतांनी या प्रश्नाला स्वतःची अशी उत्तरे दिली आहेत. कोसंबींची चिकित्सा, आंबेडकरांचे विच्छेदन, विनोबांचे नामांतर आणि शरद पाटलांची सांधणी ही युरोपीय वादाची मराठी टिपणे नव्हेत. समतेवाचून सामाईकता आणि सामाईकतेवाचून समता टिकते काय, हा प्रश्न त्या सर्वांच्या तळाशी आहे. संज्ञेच्या व्याख्येविषयीचा मतभेद मिटेल असे नाही. परंतु तो कशाविषयी आहे हे स्पष्ट झाले, तर मराठी वाङ्मयातील एका मोठ्या दालनाचे वाचन अधिक न्याय्य होईल.